बिऱ्हाड हलते, मुक्या जिवांचे काय?



सुगी आटोपली, दोन पैसे हाती आले, अक्षय तृतीयेचा मुहूर्त जवळ आला, की आपल्याकडे घरे हलू लागतात. गावठाणातले जुने घर भावाभावांच्या वाटणीत अपुरे पडते. मळ्यात विहीर असते, वीज आलेली असते, रस्ताही झालेला असतो. रात्री-अपरात्री पाणी धरायला गावातून जाण्यापेक्षा मळ्यातच चार खोल्या बांधाव्यात, असे घरचा कर्ता ठरवतो. घर बांधून होते आणि मग सामानाची यादी होते. देव्हारा, भांडीकुंडी, धान्याची पोती, कपाट, शिलाई मशीन, झाडून सारे त्या यादीत येते. फक्त दारातला कुत्रा, चुलीमागचे मांजर, खुराड्यातल्या कोंबड्या आणि गोठ्यातली गाय त्या यादीत नसते. "जनावरांचं काय, दावं सोडलं नि नेलं," असा आपला हिशेब असतो.

हा हिशेब चुकतो, हे मी गावोगाव फिरताना पाहत आलो आहे. नव्या घरी गेलेली दहा लिटरची गाय पहिल्या आठवड्यात सहा लिटरवर येते आणि घरात कुणी तरी म्हणते, "जागा लाभली नाही." मांजर तिसऱ्या दिवशी नाहीसे होते. कुत्रा दोर तोडून गावात परत जातो आणि कुलूप लावलेल्या जुन्या दारापुढे बसून राहतो. हाक मारणारे माणूस तिथे उरलेले नसते. चार दिवस शेजारी तुकडा टाकतात, मग तेही कंटाळतात. पुढे तो उकिरड्यावरच्या टोळीत मिसळतो आणि एक दिवस कुणाच्या तरी पोराला चावतो. यात जागेचा दोष नाही, जनावराचा तर नाहीच नाही. थोडी तयारी केली, तर यातले बहुतेक सारे टळते. ती तयारी कशी करायची, हे आज पाहू.

जागा बदलली म्हणजे काय होते

माणसाला घर बदलायचे कारण माहीत असते. जनावराला ते माहीत नसते. त्याच्या लेखी घर म्हणजे ओळखीचा वास, ठरलेली वेळ, ठरलेला हात आणि शेजारी उभे असलेले दुसरे जनावर. या चार गोष्टी एकाच दिवशी गेल्या, तर ते बावरते. बावरलेले जनावर खात नाही, रवंथ कमी करते, कान टवकारून उभे राहते, दावणीला हिसके देते. कुत्रा सारखा धापा टाकतो किंवा कोपऱ्यात जाऊन पडतो. मांजर माळ्यावर चढून बसते. कोंबडी अंडी देणे थांबवते.

म्हणून सगळ्या युक्तीचे सार एवढेच, की जागा नवी असली तरी बाकीच्या गोष्टी होता होईल तो जुन्याच ठेवायच्या. तीच दावण, तीच बादली, तेच पोते, तीच वेळ आणि तोच हात. हे सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढचे बरेचसे तुम्हाला आपोआप सुचेल.

आधी गोठा, मग वास्तुशांत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी गावे नव्या जागी वसवावी लागली. तिथल्या अनेक नव्या वसाहतींत माणसांसाठी पक्की घरे झाली. पण गुरांना आणि अवजारांना पुरेशी जागा आराखड्यात नव्हती. मग लोकांनी आपापल्या सोयीने पत्रे टाकून आडोसे केले. ते संकट अचानक आलेले होते. आपण मात्र सावकाश, ठरवून घर बांधतो, तरीही कितीतरी ठिकाणी घराला फरशी बसते, रंग लागतो आणि गोठ्याचे "बघू दिवाळीनंतर" होते.

तसे करू नका. एका मोठ्या जनावराला छताखाली साधारण ४० चौरस फूट जागा लागते. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. जमीन गुळगुळीत करू नका. नव्या कोऱ्या सिमेंटवर पाय घसरून गाय पडली आणि पाय मोडला, तर सारेच गेले. सिमेंट ओले असतानाच त्यावर रेघा ओढून घ्या. ते राहून गेले असेल, तर पहिले काही दिवस वाळका पालापाचोळा किंवा उसाचे पाचट अंथरा. पाण्याची सोय आधी बघा. दुभते मोठे जनावर दिवसाला ५० ते ८० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. एवढे पाणी कोण, कुठून आणणार, हे बिऱ्हाड हलण्याआधी ठरलेले असावे.

आणखी एक गोष्ट. वास्तुशांतीच्या दिवशी जनावरे हलवू नका. त्या दिवशी मांडव असतो, पाहुणे असतात, ध्वनिक्षेपक असतो, फटाके असतात, कुणाचे कुणाला सुधरत नाही. गाईला ओवाळून अंगणात आणायची रीत असेल, तर ती जरूर पाळा. पण गाय परत जुन्या गोठ्यात न्या. कार्य उरकले, माणसे पांगली, की चार-आठ दिवसांनी शांतपणे जनावरे आणा.

आधीच्या महिन्यात करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट लसीची. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा सरकारी दवाखान्यामार्फत मोफत टोचतात. तुमच्या जनावरांची राहिली असेल, तर हलवण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचून घ्या. त्रासलेल्या जनावराची ताकद कमी होते आणि नेमका तेव्हा रोग गाठतो. शेळ्यांना आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस झाली आहे ना, ते पाहा. कुत्र्याला आणि मांजरालाही रेबीजची लस याच वेळी द्या.

दुसरी गोष्ट गोचिडांची. नवा गोठा म्हणजे गोचीड नसलेला गोठा. ही संधी पुन्हा येत नाही. गोचीड आयुष्याचा बराच काळ जनावराच्या अंगावर नव्हे, तर गोठ्याच्या भेगांत काढते. जुन्या गोठ्यात ती राहिली तर राहू द्या, पण अंगावर बसून नव्या घरी येऊ देऊ नका. हलवण्याआधी डॉक्टरांना विचारून जनावरांवर गोचीडनाशक औषध मारून घ्या. औषधाचे प्रमाण मनाने ठरवू नका, ते विषच असते. जुन्या गव्हाणीची लाकडे नव्या गोठ्यात नेणार असाल, तर त्यांच्या फटी आधी साफ करा.

तिसरी गोष्ट गाभण जनावराची. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस साधारण दहा महिने दहा दिवसांनी. शेवटच्या दोन महिन्यांत जनावराला टेम्पोत चढवणे टाळा. एक तर त्याआधी न्या, नाही तर वेत होऊ द्या आणि वासरू चांगले उभे राहिल्यावर दोघांना बरोबर न्या. घराचा मुहूर्त गाठायचा म्हणून गाईचा जीव धोक्यात घालू नये.

चौथी गोष्ट ओळखीची. मळा जवळच असेल, तर बैलांना आणि गाईंना दिवसा तिथे नेऊन बांधायला आधीपासूनच सुरुवात करा. दुपारचा चारा तिथे, संध्याकाळी परत जुन्या गोठ्यात. आठ-पंधरा दिवस असे केले, तर नवा गोठा परका राहत नाही. कुत्र्यालाही बरोबर न्या. मालकाबरोबर बांधावरून फिरलेला कुत्रा ती जागा आपली मानू लागतो.

हलवण्याचा दिवस

उन्हाच्या आत, सकाळी लवकर निघा. चालत नेण्याजोगे अंतर असेल, तर चालतच न्या. वाटेचा वास नि वळणे कळत गेली, तर जनावर कमी घाबरते. सगळ्यांत पुढे वयस्कर, शांत गाय ठेवा. बाकीची तिच्यामागे बिनबोभाट जातात. टेम्पो करावाच लागला, तर तळाला वाळू किंवा पेंढा घाला. दाटीवाटीने भरू नका. दावे इतके आखूड बांधू नका की मान वाकडी होईल आणि इतके लांबही नको की पाय अडकेल. शिंगे असलेली आणि नसलेली जनावरे शेजारी बांधू नका. चढताना शेपटी पिरगाळणे, काठीने टोचणे हे प्रकार बंद ठेवा. त्या एका दिवसाची भीती जनावर पुष्कळ दिवस मनात धरते.

नवे जनावर दारी आले, की आपल्या आयाबाया त्याच्या पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळतात. ही रीत चांगली आहे. तिच्यामुळे जनावर दारात दोन घटका उभे राहते, श्वास घेते, घरच्या माणसाचा हात त्याच्या अंगाला लागतो. मग लगेच पाणी दाखवा, थोडा ओळखीचा चारा टाका आणि त्याला एकटे सोडा. गावभरची पोरे भोवती जमवू नका.

पान्हा का चोरते

दुभत्या जनावराच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. कासेत दूध असले, तरी ते सडात उतरायला शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य सुटावे लागते. वासरू ढुसण्या देते, बादलीचा आवाज होतो, ओळखीचा हात कासेवरून फिरतो, तेव्हा ते सुटते. आणि जनावर घाबरले, तर भीतीचे द्रव्य त्याच्या आड येते. म्हणजे गाय मुद्दाम पान्हा चोरत नाही, तिला तो सोडताच येत नाही. तिला मारले, ओरडले, तर भीती वाढते आणि दूध आणखी आटते.

म्हणून पहिले पंधरा दिवस धार काढणारा माणूस बदलू नका. घरात सासूबाई धार काढत असतील, तर नव्या घरी पहिले काही दिवस त्यांनीच काढावी. म्हैस तर याबाबतीत फारच हट्टी. सासूचे जुने लुगडे नेसून सूनबाई धारेला बसली, तेव्हा म्हशीने पान्हा सोडला, असे आपण ऐकतो. त्याला हसू नका. म्हैस वासावर चालते. वासरू, रेडकू जवळ बांधा. वेळ पाच मिनिटांनीही चुकवू नका. आंबोण त्याच घमेल्यात द्या.

यावर उपाय म्हणून कुणी इंजेक्शनची कुपी आणून देईल, तर ती घेऊ नका. ऑक्सिटोसिन हे पशुवैद्यकाने, कारण असेल तेव्हाच वापरायचे औषध आहे. रोज टोचून दूध काढायची चट लागली, की जनावर त्यावाचून पान्हाच सोडत नाही. चार-आठ दिवस दूध कमी आले, तर ते सोसा. निगा नीट असेल, तर ते हळूहळू वर येते. आठवड्यानंतरही वाढले नाही, किंवा ताप, खोकला, सडाला सूज, दुधात गाठी दिसल्या, तर तो जागेचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांना बोलवा.

चारा एकदम बदलू नका

गुरांच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जिवाणू असतात. चारा पचवण्याचे खरे काम ते करतात. कडब्यावर राहिलेल्या जनावराचे जिवाणू कडबा पचवायला सरावलेले असतात. नव्या मळ्यात हिरवागार घास उभा दिसला, म्हणून पहिल्याच दिवशी पाटीभर घास टाकला, तर पोट फुगते. भरड एकदम वाढवली, तर पोटात आम्ल होते. दोन्हींनी जनावर दगावू शकते.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या घरचा पंधरा दिवस पुरेल एवढा कडबा, भुसा बरोबर न्या. पहिले तीन-चार दिवस तोच द्या. मग चार भागांतला एक भाग नवा चारा, पुढे अर्धा, पुढे तीन भाग, असे करत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बदल करा. पाण्याचीही चव बदलते. गावात नळाचे पाणी, मळ्यात विहिरीचे मचूळ पाणी; जनावर तोंड लावून मागे सरते. अशा वेळी दोन-चार दिवस पाण्यात किंचित गूळ विरघळवा, मग हळूहळू कमी करा. शेळ्यांच्या बाबतीत तर चाऱ्याचा बदल आणखी जपून करा.

कुत्रा माणसाचा

कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला धरून असते, असे म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. त्यामुळे कुत्र्याचे काम सोपे. त्याचे माणूस जिथे, तिथे तो. पण ते माणूस पहिल्या दिवसापासून तिथे हवे. काही घरांत आधी कुत्र्याला राखणीला म्हणून मळ्यात नेऊन बांधतात आणि माणसे महिनाभराने जातात. हे चुकीचे आहे. तो राखण करत नाही, रात्रभर रडतो.

त्याचे झोपायचे पोते धुऊ नका, जसे आहे तसे न्या. पहिला आठवडा मोकळा सोडू नका. लांब दोराने सावलीत बांधा आणि सकाळ-संध्याकाळ साखळीने धरून बांधाबांधाने फिरवा. शेजारच्या वस्तीवरची माणसे, त्यांची गुरे, त्यांचे कुत्रे त्याला दुरून दाखवा. जेवण ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने घालावे. तो गावात परत पळाला, तर जाऊन घेऊन या, पण मारू नका. मार बसला, की परत यायचीच त्याला भीती वाटते.

लहान मुलांना या दिवसांत समज द्या. बावरलेला घरचा कुत्राही खाताना, झोपेत किंवा कोपऱ्यात अडवला असता चावू शकतो. कोणताही कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची भरू नका. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता दंडात ठरावीक इंजेक्शने देतात, पण ती सांगितलेल्या तारखांना सगळी घ्यावी लागतात. जखम खोल असेल, तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात, तेही टाळू नका. रेबीज एकदा उठला, की त्यावर उपाय नाही.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर या भागांत उसात बिबट्याचा वावर आहे. अकोले तालुक्यात झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला आणि त्याखालोखाल मांजरांचा. गावठाणात घरे लागून असतात. मळ्यात घर एकटे असते. तिथे रात्री कुत्रा खुंट्याला बांधून ठेवणे म्हणजे त्याला पळायचीही सोय न ठेवणे. रात्री त्याला जाळीच्या बंद खोपट्यात किंवा पडवीच्या आत ठेवा. आतून भुंकला तरी राखण होते. शेळ्या-करडांचा गोठाही चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा.

मांजर जागेचे

मांजराला पोत्यात घालून नेऊ नका. ते गुदमरते, घाबरते आणि पोते उघडताच जे पळते ते दिसत नाही. भाजीपाल्याच्या प्लॅस्टिकच्या दोन क्रेट एकावर एक पालथ्या घालून दोरीने बांधल्या, की उत्तम पिंजरा होतो. आत त्याचे जुने फडके घाला, वरून कापड टाका.

नव्या घरी त्याला सरळ एका खोलीत बंद ठेवा, धान्याची खोली असेल तर फारच चांगले. एका कोपऱ्यात खाणे-पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात माती किंवा राख. लपायला एखादे खोके ठेवा. ते पहिले दोन दिवस दिसणारही नाही; ओढून काढू नका. दोन आठवडे, जमल्यास तीन, त्याला घराबाहेर सोडू नका. मग एखाद्या सकाळी, खाणे द्यायच्या आधी, पोट रिकामे असताना दार उघडा. भुकेले मांजर लांब जात नाही. थोड्या वेळाने नेहमीची हाक मारा, ताटली वाजवा, आत आले की खायला द्या. रोज थोडा थोडा वेळ वाढवा. संध्याकाळ झाली की आत घ्या.

मांजरीला पिल्ले असतील, तर ती सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. जागा सुरक्षित वाटली नाही, की ती पिल्ले उचलतेच. म्हणून पिल्ले लहान असताना तिला हलवू नका. ती आपली आपण खाऊ लागेपर्यंत थांबा.

"एका मांजरासाठी एवढे कशाला?" असे कुणी म्हणेल. मळ्यातल्या नव्या घरात धान्य आले, की उंदीर येतात. उंदरांमागे साप येतो. गावठाणात चार घरची मांजरे मिळून काम करत असतात. मळ्यात तुमचे एकच असते.

कोंबड्या रात्री हलवा

कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि ती गप्प बसते. म्हणून दिवस मावळल्यावर तिला हलवा. पाय बांधून उलटी लटकवत नेऊ नका. हवा खेळेल अशा डालीत, पाटीत बसवून न्या. नव्या खुराड्यात आठवडाभर कोंडूनच दाणा-पाणी द्या, म्हणजे रात्री परतायची जागा हीच, हे तिला कळते. पुढे सोडताना पहिले काही दिवस संध्याकाळी, दिवस मावळायच्या थोडे आधी सोडा. अंधार पडू लागला, की त्या आपसूक खुराड्याकडे वळतात. अंडी काही दिवस कमी होतील, त्याची काळजी नको.

नव्या वस्तीवरचे धोके

घरात पाऊल टाकण्याआधी एकदा जनावराच्या नजरेने सगळा मळा फिरून या. विहिरीला कठडा आहे का? नसेल तर वासरू आणि कुत्र्याचे पिल्लू पहिल्या आठवड्यातच आत जाते. युरियाची पोती गोठ्यात ठेवली आहेत का? गाई पोते चाटतात, युरिया विरघळवलेल्या बादलीतले पाणी पितात आणि पाहता पाहता आडव्या होतात. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, उंदराचे औषध, औषध लावलेले बियाणे कुलपात ठेवा. मोटारीची उघडी तार, विजेच्या खांबाचा ताण पाहा. त्या ताणाला कधीही जनावर बांधू नका. अंगणाच्या शोभेला कण्हेर लावली असेल, तर छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे पडू देऊ नका. कण्हेरीची थोडी पानेसुद्धा जीव घेतात. विषबाधेचा संशय आला, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. जवळच्या दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो क्रमांक आहे.

बाजारातून आणलेले जनावर

नव्या घरी गेल्यावर पुष्कळ जण हौसेने नवी गाय किंवा म्हैस आणतात. लाखभर रुपये मोजून आणलेले जनावर सरळ जुन्या जनावरांच्या ओळीत बांधतात. इथे मात्र सावध राहा. बाजारात दहा गावची जनावरे एकत्र आलेली असतात. रोग अंगात शिरला, तरी दिसायला दिवस लागतात. म्हणून नवे जनावर २१ दिवस वेगळे, लांब बांधा. त्याची बादली, गव्हाण वेगळी. आधी जुन्या जनावरांचे करा, शेवटी नव्याचे आणि हात-पाय साबणाने धुवा. २०२२ साली लम्पीने काय केले, ते कुणी विसरलेले नाही.

घेतानाच कानातला बारा आकडी बिल्ला पाहा. २०२४ च्या जूनपासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. दवाखान्यात जाऊन तो बिल्ला आपल्या नावावर करून घ्या. त्यावरून लसीची नोंदही कळते. विकणाऱ्याला एवढे तरी विचाराच: ही काय खाते, धार किती वाजता काढता, कोण काढते आणि हिला काय म्हणून हाक मारता? जमले तर दोन पेंढ्या कडबा आणि जुने दावे मागून आणा. कुणी नाही म्हणत नाही.

२१ दिवसांनी तिला जुन्या जनावरांत आणाल, तेव्हा आधी शेजारी, मध्ये अंतर ठेवून बांधा. मोकळे सोडल्यावर थोडी ढुसाढुशी होईल. कोण थोरली, कोण धाकटी हे गाई आपसांत ठरवतात आणि काही दिवसांत गप्प होतात. गव्हाण मात्र लांब ठेवा, म्हणजे धाकटीही उपाशी राहत नाही.

कामे वाटून घ्या

ही सारी यादी एकट्या घरधन्याने किंवा घरधनिणीने वाहायची नाही. लस, औषध, टेम्पो हे कर्त्याने पाहावे. धार आणि आंबोण ज्याच्या हातचे असेल, त्याच्याकडेच ठेवावे. मांजराची ताटली नि कोंबड्यांचे खुराडे मुलांकडे द्या. ती कामगिरी मुले मोठ्या इमानाने करतात. आजोबांकडे कुत्रा द्या. घर सोडताना म्हाताऱ्या माणसालाही करमत नाही. दोघे मिळून बांधावर बसतील.

आणि म्हातारे जनावर मागे सोडून जाऊ नका. भाकड गाय, दात गेलेला कुत्रा, एका डोळ्याने अधू झालेले मांजर, यांनाच जागाबदल सर्वांत जड जातो आणि नेमके तेच "राहू दे इथंच" म्हणून मागे राहतात. नेणे खरोखरच शक्य नसेल, तर शेजाऱ्याशी आधी बोलून, लस देऊन, त्याच्या खाण्याची सोय लावूनच निघा. कुलूप घालण्याआधी माळ्यावर आणि परसात एकदा हाक मारून पाहा.

गोचिडांचा विषय आज थोडक्यात आटोपावा लागला. नव्या गोठ्यात त्या पुन्हा शिरू नयेत म्हणून वर्षभर काय करायचे, ते पुढच्या अंकात सविस्तर पाहू.